हळदीपलीकडचं बास्केट

परवा सकाळी खिडकी उघडली आणि शिजलेल्या हळदीचा वास हक्काच्या पाहुण्यासारखा घरात घुसला. आमच्या ह्यांना लागोपाठ शिंका सुरू झाल्या. "लाव बाई ती खिडकी," म्हणाले. मी लावली नाही. एरवी वर्षभर मी ह्यांचं ऐकते, नाही असं नाही. पण हळदीच्या दिवसांत ह्या घरात माझं राज्य असतं. शिवारात कढया पेटलेल्या असतात, ट्रॅक्टर पिवळा धुरळा उडवत हिंगोलीच्या बाजाराकडं निघालेले असतात, आणि माझ्या तळपायांना, खरं सांगते, खाज सुटते. आता तुम्ही म्हणाल, हळदीचा आणि तळपायाचा काय संबंध? सांगते ना. जरा दम धरा.

त्याच दिवशी वाण्याकडून खोबरं आणलं. पुडी सोडली तर कागद वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानाचा, मागच्या पावसाळ्यातला, तेलानं निम्मा पारदर्शक झालेला. खाली कोपऱ्यात चार ओळींची बातमी होती. अमेरिकेत बायका पगार घेऊन बास्केटबॉल खेळतात आणि दर वर्षी त्यांच्यातल्या सगळ्यांत भारी बाईला चषक देतात, तो यंदा अमकीला मिळाला. फोटोत ती बाई दोन्ही हात वर करून हसत होती. मी खोबरं ओट्यावर तसंच टाकलं आणि कागद धरून उभी राहिले.

"काय एवढं आलंय त्याच्यात?" ह्यांनी विचारलं.

"आमच्या शोभाची बातमी आलीय."

"शोभाची? अमेरिकेत?"

"शोभाचीच समजा," मी म्हटलं. चष्मा पुसायच्या निमित्तानं डोळेही पुसून घेतले. वास झोंबला, दुसरं काय!

नव्वद सालानंतरची गोष्ट आहे. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हती, परभणी जिल्ह्यातला तालुका होती. बाजाराच्या मागं सिमेंटची मोठी फरशी होती, दोन टोकांना दोन खांब, खांबांवर लाकडी फळ्या आणि फळ्यांना लोखंडी रिंगा. ते आमचं बास्केटबॉलचं मैदान. ज्यानं बांधलं तो आयुष्यात कधी खेळला नसणार. असलं मैदान उत्तर-दक्षिण आखतात, म्हणजे उन्हं कुणाच्या डोळ्यांत येत नाहीत. हे मात्र सरळ पूर्व-पश्चिम. जागा तशी लांब होती, झालं, आखून मोकळा झाला गडी.

त्या मैदानावर पोरांचा कब्जा होता. आम्ही पोरी म्हणजे कडेला उभं राहायचं आणि बॉल नालीत गेला की काढून द्यायचा. पण माघ सरत आला की व्यापाऱ्यांकडं शिजवलेली ओलसर हळद यायला लागायची, आणि वाळवायला सिमेंटसारखी जागा नाही. मग मैदानाच्या पूर्वेच्या अर्ध्या भागावर हळद पसरायची. दिवसभर वाळायची, उन्हं उतरली की बायका तिची रास करायच्या, वरून ताडपत्री. पश्चिमेचा अर्धा भाग तेवढा रिकामा. पोरं आली, कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाली, "आध्या मैदानावर काय खेळायचं? आमी काय पोरी हाव का?" गेली ती क्रिकेट खेळायला. तीन महिने फिरकली नाहीत.

असं ते मैदान आम्हाला मिळालं. पोरांना अर्धं नको होतं म्हणून. मला त्याचा राग यायला पाहिजे होता, पण खरं सांगायचं तर आम्ही आनंदानं उड्या मारल्या. आमच्या शाळेचे खेळाचे मास्तर पठाण सर, गळ्यात शिट्टी आणि तोंडात हिंदी-मराठीची खिचडी, ते म्हणाले, "पोरींनो, आधा तो आधा. पुरा मांगा तो आधाबी जाईल. बूट असले तर घाला, नसले तर तसेच या." बूट कुणाकडंच नव्हते. आम्ही तशाच गेलो.

तेव्हापासून आमचं साल हळदीवर चालायला लागलं. इतरांचे उन्हाळे, पावसाळे, परीक्षा. आमचे दोनच ऋतू, हळद आहे आणि हळद नाही. हळद असली की खेळ. फरशीभर सकाळची भुकटी उडून आलेली असायची, संध्याकाळपर्यंत ती तापायची, आणि आम्ही अनवाणी पळून पळून तळवे असे पिवळे करायचो की घासणीनं घासले तरी जात नसत. घरी बायका टोमणे मारायच्या, "रोजच हळद लागायली की गं, नवरदेव कुठंय?" माझी आई तर अंथरुणाच्या चादरी लपवायची. शाळा सुटून कॉलेजात गेलो तरी चप्पल काढायची वेळ आली की ओळखू यायचं, ही पठाण सरांची पोरगी. पुढं पुढं आम्ही मुद्दाम चप्पल काढायचो.

शोभा साखऱ्याची. सेनगाव तालुक्यातलं कोरडवाहू गाव, पाऊस आला तर आला. हिंगोलीत मामाच्या घरी राहून शिकत होती. तिची माय, गंगामाय, हळदीच्या दिवसांत बाजारात कामाला यायची, म्हणून त्या दोन-तीन महिन्यांत माय-लेकी एका छपराखाली राहायच्या. सकाळी गंगामाय ज्या फरशीवर हळद पसरायची, त्याच फरशीवर संध्याकाळी तिची लेक पळायची. पण गंगामायनं आमचा खेळ कधी बघितला नाही. ताडपत्रीवर दगड ठेवले की ती भाकरी थापायला घरी. एकदा मी म्हटलं, "थांब की मावशी, बघ तरी लेकीला." तर म्हणाली, "काय बघायचं त्याच्यात, बाई? टोपलीला बूड न्हाई. टाकलं की खाली पडतंय, पुन्हा टाकायलेत. असला कसला धंदा!"

बूड नसलेल्या त्या टोपलीत शोभा कुठूनही बॉल टाकायची. आमचं एकच बास्केट, पश्चिमेचं, आणि आमची वेळ संध्याकाळची. म्हणजे बुडता सूर्य बरोबर फळीच्या मागं. वर बघितलं की डोळ्यांपुढं नुसता पिवळा जाळ. पहिल्या दिवशी शोभा रडकुंडीला आली होती. "सर, रिंगच दिसून न्हाई राहिली." पठाण सर म्हणाले, "दिसायची वाट काहून बघतीस? वो तो रोज वहींच असती." ते तिला कुठंतरी जाऊन लागलं. आम्ही बाकीच्या डोळे मिचकावायचो, कपाळावर हात धरायचो. शोभा डोळे टक्क उघडे ठेवायची, पाणी गळायचं ते गळू द्यायची, आणि बॉल टाकायची. उन्हाळा संपेपर्यंत तिच्या डोळ्यांतलं पाणीही थांबलं.

मी? मी बरी खेळायची. उगीच खोटं कशाला! बॉल पळवून शोभाच्या हातात द्यायचा, एवढं मला छान जमायचं. काही माणसं देवळाचा कळस असतात, काही पायऱ्या. पायरीनं कळसाचा हेवा करायचा नसतो असं म्हणतात, पण मी करायचे हं, अधूनमधून.

दर वर्षी एप्रिलात परभणीला बायकांच्या खुल्या स्पर्धा भरत. गावोगावचे, कॉलेजांचे संघ येत. आणि एक संघ यायचा नोकरीवाल्यांचा, एका सरकारी खात्याचा. त्या पोरींना खेळण्यासाठीच खात्यात घेतलेलं. एकसारखे बूट, एकसारख्या पिशव्या, घाम पुसायला वेगळे टॉवेल. त्यांची कप्तान वंदना, सहा फुटांना थोडी कमी, चालायला लागली की माणसं आपोआप बाजूला व्हायची. शेवटच्या दिवशी सर्वोत्कृष्ट खेळाडूचा चषक दिला जायचा. तिथली रीत अशी की कुणी पाहुणा, पुढारी तो द्यायचा नाही. मागच्या सालच्या खेळाडूनं तो आपल्या हातानं यंदाच्या खेळाडूला द्यायचा. त्यामुळं काय व्हायचं, चषक त्याच संघात फिरायचा, ह्या ताटातली भाजी त्या ताटात. आणि सगळ्यांना माहीत होतं, बाहेरच्या ज्या पोरीच्या हातात तो चषक येईल, तिला खातं बोलावून घेणार.

पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा शोभा त्यांच्या बुटांकडं बघत बसली होती. मला म्हणाली, "सुले, खरंच पगार देतेत का गं? खेळायचा?"

"खरंच."

ती म्हणाली, "माय आता वाकली ना, की तिला सरळ व्हायला येळ लागतो. परवा हळद भरता भरता तशीच बसली खाली. मला म्हणली, काय न्हाई गं, पाय मुरगळला." मग एकदम म्हणाली, "मला त्यो कप पायजे." दुकानात जाऊन मीठ मागावं इतक्या साधेपणानं म्हणाली.

आता जे झालं ते ऐका, आणि हसायचं असेल तर हसून घ्या. अख्खी परभणी हसली होती, तुम्ही काय वेगळे!

उपांत्य सामना, आम्ही आणि नोकरीवाल्या. परभणीचं मैदानसुद्धा पूर्व-पश्चिम, बांधणारा गडी तोच असावा. पहिल्या अर्ध्या खेळात आमचं बास्केट पश्चिमेचं होतं, आणि आम्ही अशा खेळलो की लोक उभे राहिले. मग मध्यंतर झालं, बाजू बदलल्या. आता आम्ही पूर्वेच्या बास्केटात टाकायचं. सोपी गोष्ट आहे, लहान लेकराला कळेल. पण घरच्या मैदानावर आम्ही जन्मात पूर्वेच्या बास्केटात बॉल टाकला नव्हता हो! ते बास्केट हळदीच्या राशीमागं होतं. आमच्या डोक्याला कळत होतं, पायांना कोण सांगणार? तरी आम्ही कशाबशा सांभाळत होतो. शेवटी शेवटी बरोबरीत आलो. शोभानं वंदनाच्या हातातून बॉल काढला, वळली, आणि तिच्या समोर बुडता सूर्य आला.

झालं. तिचे पाय घरी निघाले. अशी पळाली, अशी पळाली, की कुणी तिला अडवलंच नाही, सगळ्या जागच्या जागी थक्क. मी ओरडले, पण ऐकायला ती होती कुठं! सूर्य डोळ्यांत घेऊन तिनं उडी मारली आणि बॉल रिंगेला न शिवता आरपार. इतकं सुंदर बास्केट त्या मैदानावर कुणी बघितलं नसेल. फक्त ते आमच्याच अंगावर होतं, आम्ही राखायच्या बास्केटात. आणि हशाचा असा लोट उठला की शोभाला कळायच्या आधी मला रडू फुटलं. नियमानं ते दोन गुण समोरच्या कप्तानाच्या, वंदनाच्या, नावावर लागले. आम्ही तेवढ्यानंच हरलो. पुढं अंतिम सामनाही त्यांनी जिंकला, आणि चषक पुन्हा वंदनालाच.

एसटीत शोभा खिडकीशी बसली. वसमत गेलं, औंढा गेलं. हिंगोलीचे दिवे दिसायला लागले तेव्हा म्हणाली, "सुले, बास्केट मात्र लई भारी बसलं व्हतं गं." आणि आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसलो की रडलो, कंडक्टरलाही कळलं नाही.

गावात मग काय विचारता! पोरं नाक्यावर उभी राहून ओरडायची, "ए शोभे, घर तिकडं हाय, उलटं!" मला तर एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची. चूक म्हणायची ती चूक? तुम्ही आम्हाला अर्धं मैदान टाकलंत, आम्ही अर्ध्या मैदानाचा खेळ शिकलो. अर्ध्या जागेत वाढलेल्या माणसाला एकदम पुरी जागा दिली तर तो सवयीच्याच कोपऱ्यात जाऊन बसतो. आजही मी एखाद्या बाईला मोठ्या खुर्चीच्या अगदी काठावर बसलेली बघते तेव्हा मला पूर्वेचं बास्केट आठवतं.

गंगामायला हे कुणी सांगितलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती भाकरी थापायला गेली नाही. फरशीच्या कडेला उभी राहिली, दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे.

"दाव मला, कोन्या तोंडाला टाकायचं व्हतं?"

शोभानं राशीपलीकडं बोट केलं. ताडपत्रीच्या वर पूर्वेची रिंग तेवढी दिसत होती, गंजलेली. गंगामायनं एकदा रिंगेकडं बघितलं, एकदा राशीकडं.

"म्हंजी आमची हळद आडवी आली."

"तसं न्हाई, माय."

"तसंच हाय. डोळे हायेत मला."

पुढच्या साली पहिली हळद आली तेव्हा पठाण सर व्यापाऱ्याकडं गेले. म्हणाले, सेठ, अर्धं मैदान तुमचं, कबूल. पण एक आठवडा पूर्वेचं घ्या, एक आठवडा पश्चिमेचं. व्यापारी म्हणाला, मला काय तकलीफ नाही, पण रास इकडची तिकडं न्यायची तर मजूर मी लावणार नाही. ओलसर हळदीचं वजन ज्यानं उचललंय त्यालाच ठाऊक. सर मान खाली घालून परत आले. गंगामायनं ऐकलं आणि बायकांकडं वळली. "आपुन उचलू," म्हणाली.

एक जण फणकारली, "तुज्या लेकीच्या कपापायी आमच्या कमरा मोडायच्या व्हय?"

"कंबर तशीबी मोडायलीच हाय, बाई," गंगामाय म्हणाली, "एकदा कामाला येऊ दे."

ती फणकारलेली बाईच पहिल्यांदा टोपली घेऊन उठली. आमच्याकडच्या बायका अशा असतात, तोंडानं नाही म्हणतात आणि तोवर हात कामाला लागलेले असतात. मग आम्ही पोरी तरी कशा घरी बसणार? कॉलेजच्या आधी सकाळी आम्हीही जायला लागलो. टोपल्या भरायच्या, पसरायचं, दाताळ्यानं खालीवर करायचं. हाताला ओलसर, मातकट वास, नखांत पिवळं, वहीच्या पानांवर पिवळी बोटं. गंगामाय आम्हाला शिव्या घालायची, "हळद पसरून राहिल्या का रांगोळी काढून राहिल्या? हात चालवा!" त्या सकाळी मला आजही हव्याशा वाटतात. ऊन कोवळं असायचं, बायका एकमेकींच्या नवऱ्यांची टिंगल करायच्या, आणि रास एका टोकाची दुसऱ्या टोकाला जायची.

पूर्वेचं बास्केट पहिल्यांदा डाव्या हातानं जेवल्यासारखं वाटलं. शोभाचा नेम चुकायचा. पाठीवर सूर्य घेऊन खेळायचं म्हणजे समोर आपलीच लांबच लांब सावली, ती आपल्या आधी बास्केटाला पोचायची. शोभा चिडायची, बॉल आपटायची, पुन्हा टाकायची. हळूहळू तो अर्धाही आमचा झाला. हळद उठायच्या आत आम्हाला पुरं मैदान येत होतं.

आणि त्या साली परभणीत अंतिम सामना पडला तो नोकरीवाल्यांशीच. वंदना नाणेफेक जिंकली. तिनं आमच्याकडं बघितलं, हसली, आणि बाजू अशी निवडली की दुसऱ्या अर्ध्या खेळात आम्ही पूर्वेला टाकायचं. मागच्या सालासारखंच. सूर्य बुडताना पोरगी पुन्हा घराकडं पळेल, असा तिचा हिशेब. पठाण सरांचा चेहरा उतरला. "शोभा बेटा," एवढं म्हणून त्यांनी शिट्टी तोंडात धरली.

पण त्या दिवशी आमची माणसंही आली होती. गंगामाय आणि तिच्या बरोबरच्या बायका, हळद झाकून, एका टेम्पोत बसून. आयुष्यात पहिल्यांदा खेळ बघायला. त्यांना प्रेक्षकांत मागं जागा मिळाली होती. मध्यंतराला गंगामायनं मला हाक मारली.

"सुलाबाई, आता कोन्या तोंडाला?"

मी पूर्वेकडं बोट दाखवलं. ती उठली. मागोमाग सगळ्या बायका उठल्या, अख्ख्या मैदानाला वळसा घालून पूर्वेच्या खांबामागं गेल्या आणि रेषेबाहेर जमिनीवर ऐसपैस बसल्या. बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता धावत आला.

"मावशी, इथं बसता येत नाही."

"येतंय की," गंगामाय म्हणाली, "बसलो न्हाई का?"

मग लेकीकडं बघून तिनं तो पिवळा हात वर केला. "शोभे! मी हितं हाये. माज्याकडं टाक!"

यंदा सामना उशिरा लागला होता, त्यामुळं दुसरा अर्धा खेळ सुरू होतानाच सूर्य खाली आला. आता बघा गंमत. आम्हाला पूर्वेला पाठवण्याच्या नादात वंदना एक गोष्ट विसरली होती. आम्ही पूर्वेला, म्हणजे त्या पश्चिमेला! करायला गेली गणपती अन् झाला मारुती. त्यांना रिंग दिसेना. कपाळावर हात धरत होत्या, डोळे मिचकावत होत्या, बॉल कधी फळीवर, कधी फळीबाहेर. त्या एकसारख्या बुटांचा काय उपयोग, सूर्य काय बूट बघून येतो? आणि इकडं शोभा सुटली होती. एक बास्केट, दुसरं, पुन्हा एक. खाली बसलेल्या बायका प्रत्येक बास्केटाला ओव्या म्हटल्यासारखा एका सुरात हुंकार देत होत्या. मागच्या साली हसलेली परभणी आता उभी राहून टाळ्या वाजवत होती. माझ्या अंगावर, आता लिहिताना सुद्धा, काटा आलाय.

तरी त्या नोकरीवाल्या होत्या, सोडतात होय! वंदनानं एकटीनं सामना ओढत आणला, शेवटी त्या एका गुणानं पुढं. वेळ संपत आलेली. मी बॉल पळवला आणि रोजच्यासारखा शोभाच्या हातात दिला. तेव्हा तिचं तोंड पश्चिमेकडं होतं. समोर सूर्य, तोच, तस्साच. प्रेक्षकांतून कुणीतरी मुद्दाम ओरडलं, "पळ, पळ, तिकडंच!" आणि मी बघितलं, तिचं उजवं पाऊल सूर्याकडं वळलं. नुसतं पाऊल.

"शोभेऽऽ! हिकडं हाये मी!"

गंगामायचा आवाज. शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पोचायची सवय असलेला. शोभा गर्रकन फिरली. तिच्या पुढं तिची लांब सावली, सावलीच्या पुढं वंदना, आणि वंदनाच्या मागं, खांबाखाली, पिवळ्या हातांची एक रांग वर उठलेली. ती वंदनाच्या डाव्या अंगानं निघाली, उजव्या अंगानं उगवली. कशी, ते मला आजही सांगता येणार नाही. उडी मारली. बॉल रिंगेला न शिवता आरपार. टोपलीला बूड नव्हतं म्हणून तो खाली पडला, आणि टप्पा खाऊन थेट गंगामायच्या ओटीत.

शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो होतो! पंच बॉल मागायला गेले तर गंगामाय देईना. दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. "लेकीनं माज्याकडं टाकलाय," म्हणाली, "तुमाला काहून देऊ?" पठाण सर मैदानाच्या मधोमध उभे राहून लहान लेकरासारखे रडत होते, आणि शिट्टी तोंडातच राहिल्यानं प्रत्येक हुंदक्याला ती वाजत होती.

चषकाचं नाव पुकारलं. शोभा, साखरा. नुसतं एवढंच, कारण पुढं सांगायला खातं नव्हतं, हुद्दा नव्हता. रीतीप्रमाणं चषक वंदनाच्या हातात होता. मला वाटलं होतं ती तोंड फिरवून देईल. पण ती पुढं आली, थोडी वाकली, कारण शोभा तिच्या खांद्याला लागत होती, आणि म्हणाली, "मागच्या वर्षी तुझे दोन गुण माझ्या नावावर लागले. तेव्हापासून हा चषक घरात ठेवायला मला बरं वाटत नव्हतं. घे. तुझाच आहे." मग हळूच विचारलं, "सूर्याचं मला आधी कुणी का नाही सांगितलं गं?" आणि दोघी हसत सुटल्या. मोठं मन होतं त्या बाईचं. त्या दिवसापासून मी तिला वंदनाताई म्हणते.

पावसाळ्याच्या तोंडाला खात्याचं बोलावणं आलं. शोभा रुजू झाली, पुढं कितीतरी वर्षं वंदनाताईच्याच संघात खेळली. पुढल्या हळदीला गंगामाय फरशीवर आली नाही. आली ती एकदाच, बायकांना पेढे द्यायला, आणि उभ्यानंच बोलली, वाकायची गरजच उरली नव्हती. पण ते पुढल्या सालचं. त्या साली आम्ही परतलो तेव्हा जयंती तोंडावर आलेली. साखऱ्यात मिरवणुकीच्या ट्रॅक्टरवर निळ्या झेंड्यांच्या मधोमध शोभाला उभं केलं, हातात चषक, पायांत नवे बूट. वंदनाताईनं दिलेले, दोन बोटं मोठे. अख्खं गाव नाचलं. त्यानंतरच्या महाराष्ट्र दिनाला हिंगोली जिल्हा झाली. आम्ही पोरी अजून म्हणतो, जिल्हा मागून झाला, आधी शोभा झाली.

खोबऱ्याच्या कागदावरची बातमी मी कापून ठेवलीय, आणि ती ठेवताना कपाटातला जुना फोटो वर आला. चषक दिल्यानंतरचा, परभणीचा. फोटोवाल्यानं सगळ्यांना ओळीत उभं केलं तेव्हा गंगामाय गोंधळली होती. "कोन्या तोंडानं उभी राहू?" तिनं लेकीला विचारलं. शोभानं तिचे खांदे धरून तिला पश्चिमेकडं वळवलं आणि चषक तिच्या हातात दिला. बुडती उन्हं थेट तोंडावर होती. फोटोत वंदनाताईनं कपाळावर हात धरलाय, पाहुण्यांचे डोळे मिटलेत, पठाण सरांचे मिचमिचे झालेत, माझे तर दिसतच नाहीत. मधोमध त्या दोघी तेवढ्या ताठ उभ्या आहेत. चषकावर गंगामायची पिवळी बोटं उमटलीत, आणि माय-लेकी सूर्याकडं टक्क उघड्या डोळ्यांनी बघतायत.